पहिला ववसा

सांगलीच्या पोरीला लालबागच्या चाळीत नळाच्या रांगेत उभं केलं, आणि वर बायकांनी विचारलं, "तुमच्याकडे पाणी तरी असतं का गं, घाटीण?" कृष्णाकाठी जन्मले मी! पावसाळ्यात घाटाच्या पायऱ्या बुडाल्या की आई मला कडेवर घेऊन पूर दाखवायला न्यायची. हळदीची पोती सुटली की अख्खी पेठ पिवळी व्हायची. पण सांगणार कोणाला? चाळ सगळी कोकणातली. नवरा गिरणीतून सुटला की संयुक्त महाराष्ट्राच्या सभेला जायचा, घसा बसवून यायचा, आणि घरी स्वतःच्या आईच्या तोंडचं "घाटीण" ऐकत मुकाट जेवायचा. कसला डोंबलाचा संयुक्त!

लग्नानंतरच्या पहिल्याच भाद्रपदात निरोप आला की आईनं अंथरूण धरलंय. डोळे मिटायच्या आत लेकीला बघायचंय, एवढंच तिचं मागणं. मी सासूचे पाय धरले. पण त्यांच्यात नव्या सुनेचा पहिला ववसा असतो. फळं, भाज्या, पानं घालून सूप भरायचं, गौरीपुढं ओवाळायचं, मग ती सून खरी घरची. सासू म्हणाली, "ववसो झाल्याबगर उंबरो ओलांडलंस तर परत येव नको." मी नवऱ्याकडं पाहिलं. तो सभेला जायला चपला शोधत होता.

गौरीपूजनाच्या सकाळी सांगलीच्या आमच्या गल्लीतला हळदीचा व्यापारी चाळीत आला. आई गेल्याचा निरोप त्यानं आणला होता. सासूनं त्याला जिन्यातच गाठलं. सुतक कळल्यापासून लागतं. सुनेला कळलंच नाही तर गौर बाटत नाही, हे तिचं शास्त्र. त्याला शेजारच्या खोलीत चहाला बसवलं आणि गप्प राहायची शपथ घातली. तासाभरात सगळ्या मजल्याला ठाऊक झालं, मी सोडून.

मला हिरवं लुगडं नेसवलं, गजरा माळला. सूप ओवाळताना मी आईच्या आयुष्यासाठी हात जोडले हो! मग बायका म्हणाल्या, "घाल की फुगडी, सांगलीची फुगडी बघू दे." त्या घरात पहिल्यांदाच कोणी मला कौतुकानं बोलावलं होतं, म्हणून मी वेड्यासारखी घुमले. शेजारची म्हातारी पदर तोंडाला लावून आत गेली. मला वाटलं, हसतेय.

विसर्जनाहून परतल्यावर सासूनं पाट मांडता मांडता सांगितलं. वर म्हणाली, "तुज्याच बऱ्यासाठी केलंय." तळपट होवो तुमचं, असं मी सगळ्यांदेखत ओरडले. तो शब्द आजही परत घेत नाही.

सांगलीला पोचले तेव्हा व्यापारी माझ्याआधीच पोचला होता. आपलं तोंड राखायला शपथेची गोष्ट त्यानं गिळली, आणि निरोप दिला, तरी निघताना ती फुगडी घालत होती, असंच सांगितलं. वडील दारातच उभे होते.

"शेवटपर्यंत दाराकडं बघत होती ती," ते म्हणाले. "आणि ती गेल्याचं कळूनही तू तिकडं फुगड्या घालत होतीस."

"सगळ्या चाळीला ठाऊक होतं, मला कोणी सांगितलंच नाही, आबा."

"आख्ख्या चाळीला ठाऊक, आणि पोटच्या लेकीला नाही?"

त्यांनी आतून कडी घातली.