चुलत्यांची गल्ली

समुद्री चाच्यांच्या त्या तीन चित्रपटांपैकी पहिला मी कराडला पाहिला. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होते. पाहिला आणि वेडीच झाले. पुढच्या रविवारी धाकट्या भावाला गावाहून बोलावून घेतलं आणि त्याच्याबरोबर पुन्हा पाहिला. हे हात दाखवून अवलक्षण होतं, हे कळायला मला पुढे कितीतरी वर्षं लागली. आमच्या घरात तोवर कुणी समुद्र पाहिला नव्हता. कृष्णेला पूर आला की तेवढं पाणी आम्हाला पुरे व्हायचं. पण कप्तान डोलकाठीवरून उडी मारतो ते बघून हा पठ्ठ्या जो बिघडला, तो मर्चंट नेव्हीत इंजिनिअर होऊनच थांबला.

"चाचे" हा शब्द आईने पहिल्यांदा ऐकला तेव्हा तिने विचारलं होतं, "कुणाचं चाचा म्हनं?" तेव्हापासून आम्ही बहीणभाऊ चाच्यांना चुलते म्हणायला लागलो. आधी गंमत म्हणून. पुढे भाऊ खऱ्या बोटीवर गेला, आणि चाचे अजूनही असतात, त्यांच्याकडे तलवारी नसून बंदुका असतात, हे मला त्याच्याकडून कळलं. मग तोच शब्द आईपासून लपवायला कामाला आला. "चुलत्यांच्या गल्लीतून जायचंय" म्हणजे बोट धोक्याच्या पट्ट्यातून जाणार, चार दिवस फोन नाही. हे तो आईच्या समोर स्पीकरवर खुशाल बोलायचा आणि मी "नमस्कार सांग त्यांना" म्हणून खिदळायचे. खिदळून झाल्यावर चार दिवस माझ्या घशाखाली घास उतरायचा नाही, हे त्याला कधी सांगितलं नाही.

तिसरा आणि शेवटचा भाग सांगलीत लागला, तेव्हा भाऊ गल्लीत शिरल्याला सात दिवस झाले होते. चाराचे सात. मी ऑफिसात दर पाच मिनिटांनी फोन उलटा-सुलटा करून बघत होते. एरवी या चित्रपटाची जाहिरात मी तोंडपाठ केली असती, या खेपेला पोस्टर दिसलं की मी मान फिरवत होते. तिकिटं मात्र आधीच काढलेली, आणि आई एसटीने सांगलीत विश्रामबागला माझ्या खोलीवर येऊन दाखल. "त्येची बोट कशी आसतीया, बघू की एकदा," म्हणाली. आता तिला नको कुठल्या तोंडाने म्हणणार?

तीनचा शो होता. पहिल्या पंधरा मिनिटांतच धुक्यातून काळी शिडं आली. दोरखंडांचे आकडे खण्णकन कठड्याला अडकले आणि चाचे समोरच्या जहाजावर चढू लागले. थिएटरात शिट्ट्या पडल्या. पहिल्या दोन भागांना सगळ्यात मोठी शिट्टी माझी असायची. आता मी मांडीवरचा फोन चाचपत होते. भावाने एकदा सांगितलं होतं, आमच्या बोटीला कठड्याभोवती काटेरी तारा गुंडाळतात, आणि कुणी चढलंच तर सगळ्यांनी खालच्या लोखंडी खोलीत जाऊन आतून कडी लावायची. मी पडद्यावर ती खोली शोधत होते. नव्हती. त्या बिचाऱ्या खलाशांना लपायला पिंपंच होती, आणि चाचे एकेक पिंप लाथेने उघडत होते.

"आता आसलं काय नसतंय न्हवं?" आईने अंधारात विचारलं.

"छे! हे सगळं जुन्या काळातलं," मी म्हणाले. आवाज जरा जास्तच मोठा निघाला. पुढच्या रांगेतला एकजण वळून बघायला लागला.

मध्यंतरात मी पॉपकॉर्न आणले. आईने पुडा हातात घेतला, खाल्ला नाही. शांतपणे म्हणाली, "तुमचा बा एकटाच. ना थोरला ना धाकला. मग तुमास्नी ह्ये चुलतं कुठनं आलं गं?"

मी पडद्यावरच्या जाहिराती बघू लागले.

"पयल्याच खेपंला कळलं मला. शेजारच्या पोराला इचारलं, त्येनं फोनात काढून दावलं समदं. सात दिस झालं न्हवं?"

इतकी वर्षं आम्ही हिला वेड्यात काढत होतो! लाज वाटायला हवी होती, पण भीतीने तेवढीही जागा ठेवली नव्हती. तोवर मला वाटत होतं, आई निर्धास्त आहे, निदान घरात एक माणूस तरी निर्धास्त आहे. तो आधारही गेला.

मध्यंतरानंतरचा सिनेमा आम्ही हात धरून बघितला. शेवटी वादळ येतं. माणसांना होड्यांत बसवायला वेळ उरत नाही. कप्तान स्वतःला सुकाणूला बांधून घेतो आणि जहाज सगळ्यांसकट खाली जातं. मग नुसतं पाणी, कितीतरी वेळ नुसतं पाणी. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. एक चाहती म्हणून मला मान्य आहे, तीन भागांना साजेसा शेवट होता. पण त्या क्षणी तो लिहिणारा समोर असता तर मी त्याच्या कानाखाली वाजवली असती.

पार्किंगमध्ये गाडीला किल्ली लावते तोच फोन वाजला. अनोळखी, लांबलचक नंबर. मी नंबरच बघत बसले, शेवटी आईनेच बटण दाबलं.

"ताई, अगं आम्ही अजून बाहेरच आहोत! इंजिन बिघडलं होतं, नांगर टाकून बसलोय आठवडाभर. इथे रेंज नव्हती, बोटीवरचा सॅटेलाइट फोनही बंद होता. आज सगळं दुरुस्त झालं. तासाभरात गल्लीत शिरतोय."

जिवात जीव आला आणि त्याच श्वासात परत गेला. सात दिवस घाबरले ते फुकटच, खरे चार दिवस आता सुरू होणार होते.

"पिक्चर बघितलास? शेवट सांगू नकोस हां!"

आईने फोन ओढून घेतला.

"न्हाई सांगत बाबा. पर समदी घरला आली बघ. एक बी माणूस ऱ्हायला न्हाई पाण्यात."

"आई! सांगितलंस की गं सगळं!" तो खो खो हसला. हसता हसताच फोन तुटला.

मी तिच्या हातून फोन घेतला. "आई, पिक्चरात तर..."

"मी काय आंधळी हाय? दिसलं मला." तिने पदराने तोंड पुसलं आणि गाडीवर माझ्या मागे बसली. "चार दिस मी हितंच ऱ्हाती. तुला एकटीला भ्या वाटंल."

"वाटतंय," मी म्हणाले.