कुणाचं आधी जाईल

गोंदिया जिल्ह्यात सालेकशाकडच्या आमच्या गावात इंटरनेट देणारा माणूस एकच. तक्रार केली की आधी विचारायचा, "काय पाहून राहिले होते?" सिनेमा म्हटलं की थांबायला सांगायचा. संध्याकाळी अख्खं गाव मोबाइल घेऊन बसलं की एका लाइनवर सगळं मावत नसे. मग कुणाचं आधी जाईल, ते तो दुकानातल्या कॉम्प्युटरवरून ठरवायचा. मला ते पटायचं.

त्या संध्याकाळी माझा भाऊ नागपूरला आयसीयूत होता. घशात नळी होती, बोलता येत नव्हतं. नर्सने व्हिडिओ कॉल लावून दिला. त्याने डोळे उघडले आणि चित्र थिजलं. अर्ध्या तासाने तो गेला.

चार दिवसांनी हा इंटरनेटवाला स्वतःहून आमच्या अंगणात आला.

"तुमचा व्हिडिओ मीनंच बंद केला, भाऊ. सबन गावाचा केला. आपल्या दवाखान्यात बाई अडली होती, डॉक्टरले गोंदियाच्या डॉक्टर मॅडमले व्हिडिओवर दाखवाचं होतं. आवाज त चालू ठेवला होता सगळ्यायचा."

"बाई वाचली?"

"नाही. लेकरू हाये."

"माझ्या भावाले बोलता येत नव्हतं," मी म्हटलं.

तो उभाच होता. त्याने केलं ते बरोबरच होतं, हे मला तेव्हाही कळत होतं. तरी मी त्याला बस म्हटलं नाही.