‘यस’ कुणी दाबलं?

संध्याकाळचे सात. गारखेड्यातलं आमचं दैनिक, एसीची कॉम्प्युटर खोली, दारात चपलांचा ढीग. कॉम्प्युटरचे किस्से प्रत्येक ऑफिसात साचतात, लोक हसून सांगतात. मला मात्र आमचे आठवले की अजून संताप येतो!

विद्यापीठाचं नामांतर नुकतंच झालं होतं. दौलताबादकडच्या एका गावात दलित वस्तीनं पेढे वाटले, म्हणून गावानं त्यांचं विहिरीचं पाणी तोडलं. तिथल्या कौसाबाई ऑफिसात आल्या. “भाऊ, तेवढं छापा. छापल्याबिगर टँकर येत नाय.”

मी तिथंच बातमी लिहून ऑपरेटर शकीलला दिली.

*

टाइप झाली, पण फ्लॉपीवर कॉपी घेता येईना. मशीनच्या फ्लॉपी घालायच्या फटीत कुंकू आणि अक्षता! वाळूजच्या कारखान्यांच्या जाहिरातींसाठी मशीन आणलं, तेव्हा मॅनेजरसाहेबांनी तिथंच पूजा केलेली.

“साब, इसकू प्रसाद भी खिलाए क्या?” शकीलनं विचारलं.

*

दुसऱ्या दिवशी फाइलवर तारीख १ जानेवारी १९८०. आतला सेल संपलेला, त्यात वीज वाचवायला मालक रोज मेन स्विचच बंद करायला लावायचे. तारीख सेट करावी लागते, हे मॅनेजरला पटेना.

“ऐंशी तर ऐंशी! काय बिघडतं?”

“बरोबर आहे,” मी म्हणालो. “मशीनच्या हिशेबात नामांतर झालंच नाही. त्या गावाच्याही!”

*

मग प्रिंट काढली. मराठी फॉन्ट निवडायचा राहिला, म्हणून कागदभर नुसती एबीसीडी. मॅनेजर खूश.

“अशीच जाऊ द्या. कुणाच्या भावना दुखावणार नाहीत!”

मी कागद त्यांच्यासमोर फाडला. शकीलनं फॉन्ट बदलला. बातमी उद्या पहिल्या पानावर, असं ठरलं.

*

सकाळी पहिल्या पानावर वाळूजच्या कारखान्याची जाहिरात. बातमी नाही, मशीनमध्ये फाइल नाही, टेबलावरचा माझा हाताने लिहिलेला कागदही नाही.

“विंडोजचा प्रॉब्लेम आहे हो,” मॅनेजर म्हणाले. “खाल्ली कॉम्प्युटरनं.”

मी त्यांच्यासमोर दुसरी एक फाइल पुसायला घेतली. लगेच चौकट आली : खरंच पुसायची? यस, नो.

“हे बघा साहेब, हा न विचारता खात नाही. काल ‘यस’ कुणी दाबलं?”

मॅनेजरनी चष्मा पुसला.

दारात कौसाबाई उभ्या होत्या. “आलं का भाऊ, छापून?”

रात्री कुलूप लागणाऱ्या त्या कॉम्प्युटर खोलीच्या किल्ल्या दोनच. एक मॅनेजरकडे, दुसरी मालकांकडे.