तिसऱ्या रांगेतली खुर्ची

माझ्या आत्याच्या यजमानांइतकं रत्नागिरीला कोणी हसवलं नसेल, आणि त्यांच्याइतका न हसणारा माणूसही रत्नागिरीने पाहिला नसेल. आम्ही त्यांना आतोबा म्हणायचो, आणि आमचं ऐकून गावही. एकोणीसशे पन्नासनंतरची ती वर्षं. बंदरावरच्या जकात कचेरीत कारकुनी करणं आणि सुट्टीला पाच-सहा हौशी माणसं गोळा करून विनोदी प्रवेश बसवणं, हे त्यांचे दोन उद्योग. चेहरा मात्र दोन्हीकडे एकच, माल तपासणाऱ्याचा. आत्या म्हणायची, "अंतरपाट दूर झाला तेव्हाच मी ओळखलं. गोड लागो की कडू, तोंड हेच राहणार."

पात्रं निवडायची त्यांची तऱ्हा जगावेगळी होती. हे वाचून दाखव, ते म्हणून दाखव असलं काही नाही. स्वतः पक्के शाकाहारी, पण रविवारी सकाळी मिरकरवाड्याच्या मासळीबाजारात जाऊन मासे घेणाऱ्यांकडे बघत उभे राहायचे. घासाघीस करायला गेलेला गृहस्थ मासेवालीची चार वाक्यं ऐकून, वर तिचीच माफी मागून बांगडे घेऊन निघाला, की आतोबा त्याचा हात धरत. "नवऱ्याचं काम करशील? तुला शिकवायला नको." इस्माईलभाई नावाचा सहा फुटी खलाशी बोटीवरून रजेवर आला होता. तो बर्फाच्या भावावरून एकाच वेळी दोघांशी भांडताना दिसला आणि आतोबांनी त्याला तिथल्या तिथे सासू केलं. "वो आतोबा, दाढीचं काय?" त्याने विचारलं. "पदर घे तोंडावरून. सासूकडे निरखून बघायची छाती कोणाची आहे?"

तालमी त्यांच्या अंगणात चालत आणि तिथे माझी नेमणूक हसण्यावर होती. मला हसू चटकन यायचं आणि आवरायचं नाही. मी हसलो की आतोबा वहीत त्या वाक्यापुढे लाल पेन्सिलीने खूण करत. नाही हसलो तर वाक्य गेलं. प्रयोगाला तिसऱ्या रांगेतली कडेची खुर्ची माझी. मी सुरू झालो की शाळेचा अख्खा हॉल मागोमाग यायचा. पण मला काम हवं होतं हो! सात वर्षं मागितलं. दर वेळी उत्तर तेच, "मेल्या, तू वर गेलास तर खाली कोण हसणार?" मग मी घरी येऊन आरशासमोर सगळ्यांची कामं करायचो.

एका वर्षी प्रयोग दोन दिवसांवर आला आणि इस्माईलभाईला बोटीवर रुजू व्हायची तार आली. आतोबांना दम्याने धरलं होतं. विंगेत उभं राहायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. सासूची वाक्यं पाठ असलेला मी एकटाच. आतोबांनी लुगडं पुढे केलं. "हसलास तर आत्याला सांगून जेवण बंद करीन."

प्रवेश असा, की शेजारी शिडी मागायला येतो आणि सासूला ती द्यायची नसते. दार वाजलं. मी ओरडलो, "घरात कोणी नाही! मीसुद्धा नाही!" तालमीत याच वाक्यावर मी अंगणात लोळलो होतो. हॉल मात्र गप्प. सात वर्षांची हौस पहिल्याच वाक्याला बुडाली, असं वाटलं. तेवढ्यात तिसऱ्या रांगेतून कोणीतरी हसलं. खूप दिवस बंद असलेलं दार उघडताना करकरतं ना, तसं. आणि मग हॉल जो सुटला, तो पडदा पडेपर्यंत थांबला नाही.

मी लुगड्यासकट खाली धावलो. माझ्या खुर्चीत आतोबा खोकत बसले होते, तोंड नेहमीचंच.

"आतोबा, तुम्ही हसलात?"

"खुर्ची रिकामी ठेवून कसं चालेल?"

"पण खरं हसलात, की माझ्यासाठी?"

"लुगड्याची नीट घडी कर. आत्याचं आहे."

पुढच्या पावसाळ्यात आतोबा गेले. दिवस झाल्यावर आत्याने त्यांची वही माझ्या हातात दिली. सासूच्या त्या वाक्यापुढे तालमीतली माझी लाल खूण होतीच. तिच्या शेजारी आणखी एक होती, खाली प्रयोगाची तारीख घातलेली. सात वर्षं हसण्यावर नेमलेला मी त्या वहीवर मनसोक्त रडलो. जकातीतला माणूस तो. माल खरा असल्याशिवाय त्याने खूण केली नसती.