भाऊजी बाकाकडे बघतात

आमचे भाऊजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, हॉकीचा सामना बघायला जातात आणि चेंडूकडे बघतच नाहीत. सगळं स्टेडियम माना इकडून तिकडे फिरवत असतं आणि हे गृहस्थ दुर्बीण लावून राखीव खेळाडूंच्या बाकाकडे बघत बसतात. "आज काय होतंय ते सगळ्यांनाच दिसतं गं," मला म्हणतात. "पाच वर्षांनी काय होणार, ते तिथं बसलेलं असतं."

हा धंद्याचा दोष. भाऊजी लिफ्ट तपासतात. लिफ्ट वर गेली, खाली आली, की इमारतीतले लोक खूश. भाऊजी मात्र मशीनच्या खोलीत जाऊन तारेच्या दोरावरून फडकं फिरवतात. फडक्याचा धागा कुठे अडकला की समजायचं, तार तुटायला लागली. मग अजून किती वर्षं चालेल ते लिहून देतात, आणि त्यात त्यांचा हात धरणारा कोणी नाही. हॉकीचं तसं नाही. आमच्या शहराच्या व्यावसायिक संघाबद्दल ते लग्न झाल्यापासून "अजून पाच वर्षं थांबा" एवढंच सांगत आलेत, आणि संघ इमानेइतबारे तळाशी आहे. ताई म्हणते, "यांची पाच वर्षं रबराची आहेत."

बदली खेळाडू मैदानात पळत जातो की चालत, गोल झाल्यावर बाकावरचे एकमेकांकडे बघतात की बुटांकडे, यावरून ते पुढचे हंगाम मांडतात. कोणी विचारलेलं नसतं. मी वरच्याच मजल्यावर राहते आणि जेवायला खाली असते, त्यामुळे मला सुटका नाही. गेले दोन हंगाम त्यांच्या डोळ्यांत सलत होता तो दुसऱ्या नंबरचा गोलकीपर.

"हात चांगले आहेत, पण लक्षच नाही पोराचं! सामना समोर, आणि हा सारखा मान वळवून स्टँडकडे बघतो. थेट माझ्याकडे! माझी नजर बोचते त्याला. विकून टाका म्हणावं."

स्टेडियममध्ये त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर बसणारी त्यांची लेक हे सगळं खाली मान घालून ऐकायची. मला तेव्हाच संशय यायला हवा होता. एरवी ती बापाला एक वाक्य सुखानं पुरं करू देत नाही.

एका रविवारी दुपारी तिनं त्यालाच जेवायला आणलं. भाऊजींनी दार उघडलं, तर उंबऱ्यावर दुसऱ्या नंबरचा गोलकीपर. भाऊजी त्याच्याकडे बघतायत, तो लेकीकडे बघतोय. भाऊजींच्या डोक्यात प्रकाश पडला, तो मी माझ्या डोळ्यांनी पाहिला.

"म्हणजे तू माझ्याकडे बघत नव्हतास," ते म्हणाले.

"नाही काका. तुमच्याकडे बघायची हिंमतच नव्हती. दुर्बीण असायची ना."

ताई स्वयंपाकघरात पळाली आणि ओट्याला धरून हसली. मी तिथल्या तिथे हसले, मला कसली लाज!

जेवण रंगलं. मुलगा मोकळा होता, भाऊजींच्या बडबडीला पुरून उरत होता. मग त्यानं चमचा खाली ठेवला.

"काका, एक विचारायचंय. इथला क्लब मला अजून तीन वर्षं ठेवतोय, पण असाच बाकावर. लांबच्या शहरातला एक संघ पहिल्या नंबरवर घ्यायला तयार आहे. गेलो तर लग्न करून दोघंही जाऊ. तुम्ही सांगाल तसं करायचं, असं आमचं ठरलंय. आपल्या संघाचं पुढं काय होईल?"

इतकी वर्षं फुकट वाटत आलेलं 'अजून पाच वर्षं थांबा' हे एक वाक्य आता म्हटलं, की लेक दोन गल्ल्यांपलीकडे राहणार होती. एकुलती एक पोर. ताई डोळ्यांनीच 'म्हणा, म्हणा' करत होती. खरं सांगते, मीही मनात तेच म्हणत होते.

भाऊजी घटाघटा पाणी प्यायले. चष्मा पुसला. मग कामावरच्या आवाजात बोलू लागले.

"तुमचा पहिला गोलकीपर तरुण आहे, धडधाकट आहे, तो जागा सोडत नाही. बचावातले दोघं थकलेत आणि त्यांच्या जागी घालायला बाकावर कोणी नाही. हा संघ पाच वर्षांत वर येत नाही. दहातसुद्धा नाही. तू इथं गंजून जाशील." त्यांनी चष्मा पुन्हा काढून पुसला. "जा बाळांनो. दोघंही जा."

लेक उठून त्यांच्या गळ्यात पडली. "बाबा, तुम्ही तर इतकी वर्षं म्हणत होतात..."

"म्हणत होतो गं. माया असली की माणूस काहीही बोलतो."

पुढच्या हंगामात जावयाचा संघ आमच्या मैदानावर खेळायला आला. भाऊजी आपल्या संघाचा जुना पिवळा मफलर गुंडाळून आमच्याच स्टँडमध्ये बसले होते, मी शेजारी. आम्ही एका गोलनं मागे. शेवटच्या मिनिटाला आम्हाला पेनल्टी कॉर्नर मिळाला आणि सगळा स्टँड उभा राहिला. फटका सणसणीत होता. जावयानं अंग झोकून दिलं आणि चेंडू बाहेर उडवला. स्टँड कण्हत खाली बसला. एकच माणूस उभा राहिला, पिवळ्या मफलरमध्ये, डोक्यावर हात नेऊन टाळ्या पिटत.

"अहो काका, डोकं ठिकाणावर आहे ना?" मागून कोणीतरी ओरडलं.

"जावई आहे माझा!" भाऊजी वळून म्हणाले. मग पुढच्या रांगेलाही सांगितलं, डाव्या हाताला बसलेल्या लोकांनाही सांगितलं.

फाटकाशी लेक वाट बघत होती. बापाला किती लागलं असेल, म्हणून चेहरा पाडून उभी. "हरलो ना हो बाबा आपण," ती हळूच म्हणाली.

"कोण हरलं?" भाऊजींनी विचारलं, आणि तिचा हात धरून खेळाडूंच्या दाराकडे असे भराभरा निघाले, की मला मागून पळावं लागलं.