एकाच धडकेतली दोन डोकी

"डोकं असेल तर दुखेल ना!"

डोकं दुखतंय म्हटल्यावर फुटबॉलचे सर सगळ्या टीमसमोर म्हणाले. पोरी हसल्या. मी मैदानाच्या कडेला ओकत होते.

मी तेव्हा नववीत. पार्ल्याच्या शाळेत, फुटबॉलच्या टीममध्ये. आदल्या दिवशी प्रॅक्टिसला एकाच बॉलसाठी मी आणि रिया उडालो. डोक्यावर डोकं आपटलं. रियाचे पप्पा शाळेच्या कमिटीवर, मी वाकोल्याच्या वस्तीतली. तिला सरांनी स्वतःच्या गाडीतून डॉक्टरकडे नेलं. मला सांगितलं, तोंडावर पाणी मार. "वाकोल्याची पोरं चिवट. यांना काय होतंय!"

आणि मी हसले. मला ते कौतुक वाटलं. त्याची लाज अजून जात नाही.

मग उजेड सहन होईना. पुस्तकातली अक्षरं हलायला लागली. आई कंपनीत पॅकिंगला जायची. तिने खाडा केला, मला पालिकेच्या हॉस्पिटलात नेलं. डॉक्टर मॅडमनी एका पायावर उभं केलं, डोळे तपासले. म्हणाल्या, मेंदूला हादरा बसलाय. दोन दिवस आराम. मग रोज भरभर चालायचं. दुखणं वाढलं की थांबायचं. बॉलला मात्र त्या सांगेपर्यंत हात नाही, पाय नाही.

बाहेर आल्यावर आई म्हणाली, "गोळीपण नाही दिली गं. चाला म्हणे. आपल्याला कटवलं."

मलाही तेच वाटलं. मी परत आत गेले. "श्रीमंताच्या मुलीला पण हेच सांगितलं असतं?"

मॅडम चिडल्या नाहीत. "हेच. पूर्वी अंधारात पडून राहायला सांगायचो. हलका व्यायाम केला की पोरं लवकर बरी होतात, हे आता कळलंय."

विश्वास नाही बसला. शाळेत रियाला गाठून विचारलं, तुझ्या डॉक्टरने काय सांगितलं? ती म्हणाली, "मला पण तेच. घरी व्यायामाची सायकल मारते मी." तेव्हा कुठे पटलं. पालिकेच्या डॉक्टरवर नाही, रियाच्या डॉक्टरवर विश्वास बसला माझा. तेही टोचलं.

रोज संध्याकाळी आई आणि मी गल्लीतून चालायचो. आधी पाच मिनिटांत डोकं ठणकायचं. मग दहा. दुसऱ्या आठवड्यात वीस मिनिटं झाली, तरी काही नाही.

मधल्या सुट्टीत मैदानाला फेऱ्या मारताना सरांनी पाहिलं. "मस्त चालतेस की! म्हणजे नाटकच होतं. शनिवारी मॅच खेळायची."

"रिया खेळणार?"

"तिची गोष्ट वेगळी."

"धडक एकच होती, सर. चालणं माझं औषध आहे. मॅच नाही."

"टीममधून नाव काढीन."

"काढा."

काढलं. महिन्याभराने मॅडमनी खेळायची परवानगी दिली, तरी नाव परत लागलं नाही. रियाचं लागलं.

आज मी एकवीस वर्षांची आहे. वस्तीतल्या पोरींना फुटबॉल शिकवते. डोक्याला लागलं की पोरगी बाहेर, फायनल असली तरी. स्पर्धावाले येतात, म्हणतात, बरी दिसतेय की, खेळवा. मी डॉक्टरचा कागद मागते. कुणाच्या तोंडी शब्दावर मी पोरगी आत सोडत नाही. सोडणार नाही.