हडळीचा सिनेमा आणि बाहेर बसलेले हवालदार

लढाईच्या दिवसांतली गोष्ट. आमचे मालक पलटणीत होते आणि मी मिरजेजवळच्या गावात सासू-सासऱ्यांपाशी राहत होते. थोरली लेक तेव्हा दहा महिन्यांची होती. सासरेही पलटणीतून हवालदार होऊन पेन्शनीवर आलेले. गावात त्यांच्यापुढे आवाज चढवायची कुणाची छाती नव्हती. फक्त सासूबाईंची होती. त्यांना मी आत्याबाई म्हणायचे.

सांगलीला दुपारी बायकांसाठी खास खेळ लागलाय, सिनेमा भुताचा आहे पण हसवतो, असं शेजारीण सांगून गेली. आत्याबाईंनी जन्मात सिनेमा पाहिला नव्हता. त्यांनी सासऱ्यांना गाडी जुंपायला लावली. आत पुरुषांना सोडत नव्हते, म्हणून सासरे बाहेर लिंबाखाली गाडीपाशी बसले आणि आम्ही लेकीला घेऊन आत गेलो.

सिनेमात एका घरी सून म्हणून चुकून हडळच येते. तिची पावलं उलटी. पण ती उजाडायच्या आत पायलीभर दळते, चुलीपुढे बसल्या बसल्या हात लांबवून आडाचं पाणी काढते आणि जेवायला कधी मागत नाही. नवरा घाबरून आईला सांगतो, हिची पावलं उलटी आहेत. आई म्हणते, "असू देत. कामाला तर सरळ हाय न्हवं?"

थेटरातल्या बायका पदर तोंडात कोंबून हसत होत्या. आत्याबाई तर उघड्या तोंडानं हसत होत्या.

मग हडळीनं केस मोकळे सोडून किंकाळी फोडली आणि थेटरातली सगळी तान्ही पोरं एकदम रडायला लागली. माझी लेक सगळ्यांत पुढं. मी तिला घेऊन उठले, तसा आत्याबाईंनी माझा हात धरला.

"तू बस. पोरीचा आजा भाईर मोकळाच हाय."

त्यांनी लेकीला उचललं, दारावरच्या माणसाच्या हातात दिलं आणि बजावलं, "लिंबाखाली पांढऱ्या मिशांचा हवालदार बसलाय, त्याला नेऊन दे."

ते बघून बाकीच्या बायकांनीही आपापली पोरं बाहेर थांबलेल्या नवऱ्यांकडे धाडली. दारावरच्या माणसाला चार-पाच खेपा झाल्या असतील.

शेवटी ती हडळच कामाला कंटाळते. "मेले हुते तवा बरी हुते," म्हणते आणि आपल्या झाडावर निघून जाते. सासू डोळे पुसत चूल फुंकत बसते. तिथं सगळ्या पुन्हा हसल्या, पण आत्याबाई या खेपेला हसल्या नाहीत.

बाहेर आलो तर सासऱ्यांनी पटका सोडून गाडीच्या दांडीला झोळी बांधलेली, लेक तिच्यात झोपलेली. धोतर ओलं. आजूबाजूचे गडी आपापली पोरं घेऊन त्यांच्याभोवती गोळा झालेले, आणि सासरे एकाला झोळीची गाठ शिकवत होते.

"आवं, रडली का लय?" आत्याबाईंनी विचारलं.

"रडली. मग मी कवायतीचं हुकूम म्हणून दावलं. गप झाली." वर म्हणाले, "पलटणीत ह्यापरीस हलकी ड्यूटी हुती."

घरी येऊन मी सगळ्यांची पानं वाढली. आत्याबाई पाटावर बसल्या, पण हात लावीनात. "तू कवा जेवतीस गं पोरी?" त्यांनी विचारलं. एका घरात आम्हाला दोन वर्षं झाली होती. हे त्यांनी कधी विचारलं नव्हतं, मलाही कधी सांगावंसं वाटलं नव्हतं. मी म्हणाले, तुमचं सगळ्यांचं झालं की. त्या म्हणाल्या, "तुझं पान घे. जेवत न्हाई ती हडळ." मी पान घेतलं. सासऱ्यांनी भाकरीची दुरडी माझ्याकडे सरकवली.

पुढं महिनाभर भांगलणीला गेलं की बायका सिनेमाची गोष्ट सांगायचा हट्ट धरायच्या. सांगायच्या आत्याबाईच. मला मधे बोलू द्यायच्या नाहीत. खुरपं थांबवून, डोळे मोठे करून सांगायच्या. दर खेपेला गोष्टीतली सासू जरा जरा सुधारत गेली. ऊस गुडघ्याएवढा झाला तोवर ती हडळीला हौसेनं तुपाची पोळी करून घालायला लागली होती.